व्हिजिट व्हिसावर दुबईला जाऊन तिथे वर्क व्हिसा करून घ्यावा का?

आपला धाकटा भाऊ नववीपर्यंत शिकलेला आहे, टाइल बसवण्याच्या कामात त्याचा हात चांगला बसलेला आहे, मुंबईच्या एका एजंटाने त्याच्याकडे ८०,००० रुपये मागितले आहेत आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, पोहोचल्यावर महिनाभरात कंपनी वर्क व्हिसा करून देते’ असे सांगितले आहे, तर जावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की दुबईला त्याने अवश्य जावे, पण या मार्गाने जाऊ नये. मी दुबईतील एका बांधकाम कंपनीच्या कार्यालयात कामगारांच्या व्हिसाची आणि लेबर कार्डाची, म्हणजे कामाच्या परवान्याच्या कार्डाची, कामे पाहतो. स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातला असल्यामुळे खेड-चिपळूणकडच्या घरांत असे पैसे कसे उभे केले जातात हेही मला ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीचा परवाना कामगार काढत नाही, कंपनी काढते. कंपनीला तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडून, ज्याला सगळे ‘मोहरे’ म्हणतात, ठराविक कामगारांचा कोटा मिळतो. त्या कोट्यातून ती एका माणसासाठी ऑफर लेटर तयार करते, त्यावर कामगाराची सही घेते आणि मग मंत्रालय परवान्याला मंजुरी देते. त्यानंतर नोकरीचा एंट्री परमिट, म्हणजे कामासाठी देशात शिरण्याची परवानगी, निघतो आणि तो हातात घेऊन माणूस विमानात बसतो. पोहोचल्यावर साधारण ६० दिवसांच्या आत वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी (तिथले ओळखपत्र) आणि निवासाची नोंद एवढी कामे उरकायची असतात. हा क्रम नीट पाहिलात तर लक्षात येईल की पगार, पद आणि मुदत या तिन्ही गोष्टी कामगार आपल्या घरी असतानाच कागदावर येतात आणि त्या त्याला पटल्या नाहीत तर तो सही न करता घरीच राहू शकतो. व्हिजिट व्हिसाच्या मार्गात नेमका हाच टप्पा उलटा होतो. माणूस आधी पोहोचतो आणि कागद नंतर समोर येतो.

तिथे गेल्यावर व्हिसा बदलून घेणे मुळातच बेकायदा आहे, असे मात्र नाही. देशाबाहेर न जाता व्हिजिटचा नोकरीच्या व्हिसात बदल करण्याची सोय अमिरातीत आहे आणि अनेक शिकलेली मुले ती वापरतात. एजंट याच खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन बोलतो, म्हणून त्याचे बोलणे पटते. परंतु बदल होईपर्यंत, म्हणजे परवाना निघेपर्यंत, एक दिवसही काम करणे गुन्हा ठरतो. परवान्याशिवाय काम करून घेणाऱ्या मालकाला कामगार कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहम (तिथले चलन) दंडाची तरतूद आहे, आणि कामगाराला देशाबाहेर काढले जाऊ शकते. व्हिजिटची मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढू लागतो. ज्याच्या खिशात पगार नाही आणि ज्याला काम करण्याची मुभा नाही, त्याने तो कुठून भरायचा? २०२४ मध्ये १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत अमिराती सरकारने मुदत उलटून राहिलेल्यांना दंड माफ करून परत जाण्याची किंवा कागद नियमित करून घेण्याची संधी दिली होती. त्या काळात मदतीसाठी जे आपले लोक माझ्याकडे आले, त्यांच्यातले पुष्कळ जण व्हिजिटवर येऊन अडकलेले होते.

आपल्या भावाच्या बाबतीत भारताच्या बाजूनेही एक महत्त्वाचा मुद्दा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे ईसीआर, अशी नोंद असते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार अशा पासपोर्टधारकाला अमिरात, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहरीन अशा ठरवून दिलेल्या देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, आधी मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी आता ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. ती देताना कंपनीची नोंदणी, करार आणि विमा तपासला जातो. एजंट व्हिजिटचा मार्ग सुचवतो त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते, कारण पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही आणि एजंटालाही कोणाला काही दाखवावे लागत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला संशय आला तर तो भावाला तिथूनच परत पाठवू शकतो. न आला तर भाऊ दुबईला पोहोचेल, पण नोकरीसाठी गेलेला कामगार म्हणून त्याची भारत सरकारकडे कुठेच नोंद नसेल. दहावीचा दाखला ‘करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाशी व्यवहार तिथेच थांबवा. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे आणि तो एजंटाच्या नव्हे, भावाच्या नावावर लागेल.

या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीने घ्यावा लागतो. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आहे, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. बांधकामावर काम करणाऱ्या माणसासाठी एवढ्या पैशांत यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही, आणि व्हिजिटवर गेलेल्याला ती मिळत नाही.

आता पैशांचे. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घ्यावेत, अशी मर्यादा आहे, आणि त्याची पावती द्यावी लागते. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायचाच नसतो. व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी हे सगळे कंपनीच्या खात्यातून जायला हवे. तेव्हा ८०,००० रुपये कशाचे, हा प्रश्न आपण एजंटाला विचारलाच पाहिजे. गावात येऊन पासपोर्ट गोळा करणारा माणूस बऱ्याचदा स्वतः परवानाधारक नसतो, मुंबईतल्या कोणाच्या तरी नावावर काम करतो. ई-मायग्रेटवर परवाना क्रमांक टाकून तो कोणाच्या नावाचा आहे आणि आज चालू आहे का, हे तपासता येते. भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवू नका, कारण ते मुदत संपल्यावरही भिंतीवरच राहते.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती ऑफर लेटरची. हा मंत्रालयाचा ठरलेल्या नमुन्याचा कागद असतो, कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेले पत्र म्हणजे ऑफर लेटर नव्हे. त्यावर अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशी तिसरी भाषा घेता येते. मराठी त्या यादीत नाही, पण हिंदी आहे, म्हणून हिंदीतलाच कागद मागा. कागदावर ‘एमबी’ या अक्षरांनी सुरू होणारा व्यवहार क्रमांक असतो, तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की हा कागद खरोखर नोंदवलेला आहे का ते कळते. नंतर एंट्री परमिट निघाला की तोही असाच तपासावा. दुबईचा परमिट दुबईच्या रेसिडेन्सी खात्याच्या, म्हणजे जीडीआरएफएच्या, संकेतस्थळावर सापडतो, आणि शारजा, अजमान वगैरे इतर अमिरातींचा आयसीपी या केंद्रीय ओळखपत्र आणि नागरिकत्व प्राधिकरणाच्या.

त्या कागदावर पगाराच्या रकान्यात दोन आकडे वेगळे लिहिलेले असतात, बेसिक आणि भत्ते, आणि आपले लोक बेरीज पाहून सही करतात. समजा एकूण १,८०० दिरहम ठरले. एक कंपनी बेसिक ६०० आणि भत्ते १,२०० लिहिते, दुसरी बेसिक १,२०० आणि भत्ते ६०० लिहिते. दर महिन्याला हातात सारखेच पैसे येतात, म्हणून कोणाला फरक जाणवत नाही. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्षभर नोकरी झाली असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचे बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचे. पाच वर्षांचे १०५ दिवस झाले. ६०० बेसिकवाल्याला दिवसाचे २० दिरहम धरून २,१०० दिरहम मिळतात, तर १,२०० बेसिकवाल्याला ४,२००. नोकरी गेल्यास मिळणारा विमाही बेसिकवरच चालतो. जानेवारी २०२३ पासून तो बहुतेक नोकरदारांना सक्तीचा आहे, कमी पगारवाल्यांसाठी हप्ता महिन्याला ५ दिरहम आहे, आणि किमान १२ महिने हप्ते भरलेले असतील आणि कामगाराने स्वतः राजीनामा दिलेला नसेल तर जास्तीत जास्त तीन महिने बेसिकच्या ६० टक्के रक्कम मिळते. म्हणून भावाला सांगा की एजंट फोनवर ‘अठराशे’ म्हणाला तर त्याने लगेच बेसिक किती ते विचारावे.

व्हिजिटवर आलेल्या मुलाची सही कशी होते ते मी दुबईच्या देरा भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, पाहिले आहे. छोट्या कंपनीचा माणूस काउंटरवर कागद पुढे करतो, त्यावर गावात सांगितलेल्या पगारापेक्षा बराच कमी आकडा असतो, आणि मुलगा आधी कागदाकडे, मग फोनकडे पाहतो. व्हिजिटचे थोडेच दिवस उरलेले, घरी कर्ज, खोलीचे भाडे थकलेले. तो सही करतो. त्या सहीनंतर मंत्रालयाच्या दृष्टीने तोच त्याचा खरा पगार असतो आणि गावातले बोलणे कुठेच सिद्ध करता येत नाही. कमी पगाराचे एवढे दुःख मला वाटत नाही. पण ज्या क्षणी त्याला नाही म्हणता यायला हवे होते, त्या क्षणी त्याच्याकडे परतीचा मार्गच उरलेला नसतो, याचे वाटते.

रीतसर परवान्यावर गेलेल्याचे हक्क बऱ्यापैकी भक्कम आहेत. पगार बँकेतून किंवा ठरलेल्या कार्डावर मंत्रालयाच्या देखरेखीखाली यावा लागतो, ही पद्धत २००९ पासून आहे. पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवणे बेकायदा आहे, तरी अनेक कंपन्या ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून मागतात. भावाने नम्रपणे नकार द्यावा. प्रोबेशन, म्हणजे सुरुवातीचा चाचणीचा काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि त्या काळातही महिन्याची लेखी नोटीस देऊन अमिरातीतल्या दुसऱ्या कंपनीत जाता येते. भरतीच्या खर्चाचा प्रश्न मग त्या दोन कंपन्यांनी सोडवायचा असतो. मात्र चिडून, न सांगता कामावर जाणे थांबवू नये. सलग सात दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास मालक तशी नोंद करू शकतो, आणि मग एक वर्ष नवा परवाना मिळत नाही. भांडण झाले तर मंत्रालयाकडे तक्रार करावी. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देते.

निवासाच्या परवान्याबद्दलही घरात आधीच बोलून ठेवा. नोकरीवरचा निवास साधारणपणे दोन वर्षांचा असतो, तो नोकरीला जोडलेला असतो, आणि नोकरी बदलली किंवा संपली की तोही बदलतो किंवा संपतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास तो सर्वसाधारणपणे रद्द होतो, त्यामुळे आईच्या आजारपणासाठी गावी आलेल्याने तारखेवर लक्ष ठेवावे लागते. अशी कितीही वर्षे भरली तरी त्यातून कायमचा निवास मिळत नाही. बायको-मुलांना आणायचे तर ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि कंपनीचे घर, असा किमान नियम आहे. टाइलच्या कारागिराला सुरुवातीला तो गाठणे अवघड जाईल.

आता आपण काय करावे ते सांगतो. एजंटाला लेखी, निदान व्हॉट्सॲपवर, तीन गोष्टी मागा: त्याचा परवाना क्रमांक, कंपनीचे नाव आणि तिचे डिमांड लेटर (कोणते आणि किती कामगार हवेत ते सांगणारे पत्र), आणि भावाच्या नावाचे मंत्रालयाचे ऑफर लेटर. कंपनीला खरोखर टाइलवाला हवा असेल तर हे कागद तयार व्हायला फार काळ लागत नाही. तो टाळाटाळ करू लागला तर पासपोर्ट परत घ्या आणि एक रुपयाही देऊ नका. आधीच काही रक्कम दिली असेल तर ती रोख दिली की बँकेतून, कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात, हे आजच लिहून ठेवा, संभाषणाचे स्क्रीनशॉट जपा, आणि पैसे परत मिळाले नाहीत तर ई-मायग्रेटवर तक्रार नोंदवा. तिची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयालाही द्या. भाऊ तोवर रीतसर गेलाच, तर दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा निःशुल्क क्रमांक त्याच्या फोनमध्ये निघण्याआधीच साठवून द्या, आणि ऑफर लेटर, एंट्री परमिट, विमा आणि पासपोर्टची एकेक प्रत आपल्याकडे घरी ठेवा.