आईला सीटी स्कॅनच्या डायने अंगभर गांधी उठल्या होत्या, आता अँजिओग्राफी सांगितली आहे. दुसरा पर्याय आहे का?

आहे, पण आधी डॉक्टरांना नेमकं काय पाहायचंय ते विचारा. झडपा आणि हृदयाचं पंपिंग पाहायचं असेल तर साधा इको (हृदयाची सोनोग्राफी) पुरतो, त्यात डाय लागत नाही. रक्तपुरवठा कमी पडतोय का हे स्ट्रेस इको किंवा स्ट्रेस थॅलियम सांगतो; दोन्हींत व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण देतात, थॅलियममध्ये किंचित किरणोत्सर्गी औषध टोचून फोटो घेतात. सीटी आणि अँजिओग्राफीत वापरतात तो आयोडीनयुक्त डाय थॅलियमच्या इंजेक्शनात नसतो. कार्डियाक एमआरआयमध्ये गॅडोलिनियम वापरतात, तेही वेगळं रसायन आहे. मात्र किडनी फारच कमजोर असेल तर ते आधी सांगायला हवं. कॅल्शियम स्कोअरचा सीटी डायशिवाय होतो, पण त्यात फक्त साठलेलं कॅल्शियम कळतं, ब्लॉक किती टक्के ते नाही.

ब्लॉक नेमका कुठे आहे आणि स्टेंट घालायचा का, हे ठरवायला मात्र अँजिओग्राफीच लागते. म्हणून घाबरून ती टाळू नका. नुसत्या गांधी उठल्या असतील तर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा डाय निवडतात आणि आधी स्टेरॉइड (सहसा १३, ७ आणि १ तास आधी) व अ‍ॅलर्जीचं औषध देऊन तपासणी करतात. श्वास अडकला होता किंवा बीपी कोसळलं होतं, तर गोष्ट गंभीर. ते लपवू नका. जुना रिपोर्ट, डायचं नाव सोबत न्या. मासे खाऊन अ‍ॅलर्जी होते म्हणून डाय चालणार नाही, हा निव्वळ गैरसमज आहे.