आमेन सगळे म्हणतात, नाव कोणीच देत नाही

प्रश्न: ताई, सलाम. मी पाळक आहे. आमच्या मंडळीतले बरेच म्हातारे लोक आता उपासनेला येऊ शकत नाहीत, घरातच असतात. त्यांच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी जावं अशी सेवा उभी राहावी हे ओझं प्रभूने माझ्या मनावर ठेवलंय. कितीतरी रविवार संदेशातून सांगितलं, बॅनर लावला, ग्रुपवर टाकलं. लोक आमेन म्हणतात आणि घरी जातात. माझं सांगणं कुठे कमी पडतंय?

उत्तर: पास्टर, सलाम. कमी कुठे, उलट जरा जास्तच झालंय, आणि सगळं पुलपिटवरूनच झालंय. तिथून जे येईल त्याला आमेन म्हणायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, त्याला होकार धरू नका.

पारसाच्या राजाच्या पदरी असलेला नहेम्या यरुशलेमेचा पडलेला कोट, म्हणजे तटबंदी, परत बांधायला जातो, बायबलमधल्या त्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय परत काढा, पण ‘चला, कोट बांधू’ याच्या आधीचं बघा. कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजाशी बोलायची वेळ येते नीसानात, मधले चारेक महिने तो उपास आणि प्रार्थना करतोय. यरुशलेमेत पोचल्यावर लगेच सभा घेत नाही, तीन दिवसांनी रात्री थोडी माणसं घेऊन निघतो, जळालेल्या वेशी स्वतः बघतो, एके ठिकाणी तर जनावराला पुढे जायला वाट नाही, आणि अधिकाऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही. मग लोकांशी बोलतो तेव्हा सुरुवात कुठून, तर आपली काय दशा झालीये ते तुम्ही बघताच आहात. देवाचा हात, राजाचं बोलणं, हे सगळं नंतर.

आपण उलटं करतो. ‘प्रभूने मला दाखवलंय’ इथूनच सुरू झालं की ऐकणाऱ्याने आमेन तरी म्हणावं नाहीतर देवाच्या विरोधात तरी उभं राहावं, मग ‘तिथे जाऊन मी बोलू काय’, ‘माझी शिफ्ट असते’, ‘आजारी माणसाजवळ बसायची मला भीती वाटते’ हे खरे प्रश्न कोण विचारणार? ते घरी जातात आणि तिथेच राहतात.

म्हणून महिनाभर पुलपिटवर हा विषय बंद. भेटीला जाताना एकेकाला बरोबर न्या, आणि कमिटीतलेच नकोत, जी बाई कोणाला न सांगता आधीपासून अशी जातेय (प्रत्येक मंडळीत एक असतेच) तिला पहिली विचारा. बाहेर आल्यावर तुम्ही गप्प राहा, त्यांना काय वाटलं ते ऐका आणि त्यांचेच शब्द लिहून ठेवा, नंतर मंडळीशी त्याच शब्दांत बोला, तुमच्या बॅनरवरचं ‘समग्र सेवाकार्य’ कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. आणि मंडळीच्या वडीलजनांना सगळं आधी सांगा. रविवारी सगळ्यांबरोबर पहिल्यांदा कानावर पडलं तर ते दुखावतात, मग विरोध सेवेला नसतोच, तुम्ही विचारलं नाही याला असतो.

नाव मागताना सुद्धा ‘कोण तयार आहे’ असं मोघम नको. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कितीतरी लोक आपापल्या घरासमोरचाच भाग बांधतायत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, शल्लूम तर मुलींना घेऊन लागलाय. तकोवा गावच्या सरदारांनी हात लावला नाही, तरी काम थांबलं नाही. तसं तुम्ही म्हणा, तुमच्या शेजारच्या या आजी, गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास, जमेल का? याला हो किंवा नाही म्हणता येतं. प्रेषितांची कृत्ये सहामध्ये विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून अडचण सांगितली आणि सात जण निवडायचं लोकांवरच सोडलं. तुमची यादी पण लोकांनाच करू द्या.

प्रश्न: मी तरुण संघाची लीडर आहे. व्हिजन परत परत किती वेळा सांगायचं? मुलं कंटाळतात.

उत्तर: काम अर्धं झालं की सांग. नहेम्याचा तो कोट 52 दिवसांत पुरा झाला, तरी निम्म्या उंचीवर आल्यावर लोक म्हणायलाच लागले की ओझी वाहणारे थकले, केरकचरा फार आहे. नहेम्या ‘भिऊ नका’ म्हणाला खरं, पण नुसतं बोलून थांबला नाही, कुटुंबांप्रमाणे माणसं उभी केली, अर्धे कामावर, अर्धे भाले घेऊन. तेव्हा मुलांना आधी विचार की जड काय जातंय, वेळ, पैसे की तेच तेच दोघं राबतायत, आणि त्यातलं एक काहीतरी बदलून मगच व्हिजनबद्दल बोल, तेही पाच मिनिटांत.