ख्रिसमसची २५ डिसेंबर ही तारीख रोमन सूर्योत्सवातून उचलली आहे का?
पुराव्यावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. रोममध्ये इ.स. ३५४ साली तयार झालेल्या एका संग्रहातल्या पंचांगात २५ डिसेंबरला 'अजिंक्य' देवाचा, म्हणजे बहुधा सूर्याचा, जन्मदिन आहे. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या यादीत येशूचा जन्मही त्याच तारखेला. कोणी कोणाकडून घेतलं, हे एवढ्यावरून कसं ठरवणार? शिवाय चर्चचा स्वतःचा हिशेब होता: २५ मार्चला गर्भधारणा धरली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. सॅटर्नेलिया या रोमन हिवाळी सणाला यात ओढणं चूकच, तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २५च्या आधीच संपायचा. मात्र हे फक्त तारखेपुरतं. मेजवान्या, भेटवस्तू, हिरव्या फांद्या यांत जुन्या हिवाळी सणांचा अंश असू शकतो. घरातलं सजवलेलं झाड मात्र १६व्या शतकातल्या जर्मनभाषक ख्रिस्ती समाजातून आलेलं आहे.