दोघेही नोकरी करतो, पार्किंगमधले पिल्लू दत्तक घ्यावे का?

तुम्ही लिहिले आहे की दोघेही हिंजवडीला नोकरीला आहात, सकाळी नऊला घर सोडता आणि परतायला सात वाजतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका कुत्रीला चार पिल्ले होऊन महिना झाला आहे, आणि त्यांतले एक घरी आणावे असा सात वर्षांच्या मुलीचा हट्ट आहे. माझे मत आधीच सांगतो. तुमचा हा दिनक्रम पाहता पिल्लू घेऊ नका; घरात कुत्रा हवाच असेल तर दोन-तीन वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला गावठी कुत्रा दत्तक घ्या. मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, असे आपल्याकडे म्हणतात ते खरेच आहे. गर्भकाळ साधारण त्रेसष्ट दिवसांचा असल्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात आणि ती थंडीने कुडकुडताना पाहून लोक त्यांना घाईघाईने उचलून आणतात. महिन्याचे पिल्लू मात्र आईपासून तोडू नये. किमान आठ आठवडे तरी ते तिच्याजवळच राहायला हवे. भावंडांशी दंगा करताना चावा किती जोरात घ्यायचा हे ते याच काळात शिकते. समोरचे पिल्लू कळवळून खेळ थांबवते तेव्हा त्याला मर्यादा समजते, आणि हा धडा राहून गेला की तो पुढे तुमच्या मुलीच्या हातांवर गिरवला जातो.

आमची भुरी पाच आठवड्यांची असतानाच आमच्याकडे आली. बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यातून ती आणून देणाऱ्या गृहस्थांनी लस झाल्याचे सांगितले. कार्ड मागण्याचे आम्हाला सुचले नाही. चौथ्या दिवशी तिने खाणे सोडले, रात्री उलट्या सुरू झाल्या आणि सकाळी रक्ताचे, विलक्षण दुर्गंधी असलेले जुलाब झाले. तो पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार होता. पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन, माझ्या करंगळीएवढ्या तिच्या पुढच्या पायात सुई टोचलेली असताना, तिला जुन्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन सलाईनचे थेंब मोजत बसलो. ती वाचली, पण प्रत्येक पिल्लाचे नशीब तसे नसते. या विषाणूवर साध्या फिनाईलचा भरवसा धरता येत नाही, त्यासाठी ब्लीचच लागते, आणि जागा नीट निर्जंतुक केली नाही तर तो कित्येक महिने तिथेच टिकून राहतो. म्हणून तुमच्या पार्किंगमध्ये गेल्या वर्षी पिल्ले दगावली होती का, हे वॉचमनला अवश्य विचारा. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) यांवरील लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि त्यानंतर पशुवैद्य सांगतील तशी नियमित. जंताचे औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते, ते वेगळेच.

आजारपण निदान संपते तरी. खरी ओढाताण वेळेची असते. तीन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन-चार तास लघवी धरता येते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच खाली न्यावे लागते, रात्री दोन वाजतासुद्धा. मी आणि पत्नीने दोन महिने अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा वाटून घेतल्या, तरी मिक्सरची वायर, तीन चपला आणि दिवाणाचा एक पाय गेलाच, कारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येत असताना पिल्लाला काही ना काही चावायला लागतेच. दहा तास बंद घरात राहिलेले पिल्लू भुंकून शेजाऱ्यांना हैराण करते आणि माणसे बाहेर निघाली की घाबरायला शिकते. मुलीचे म्हणाल तर तिचा उत्साह खरा असला तरी नव्याचे नऊ दिवस सरल्यावर हे सगळे तुम्हा दोघांवरच येणार.

दुसरा कुत्रा आम्ही तीन वर्षांचा आणला. पहिले दोन दिवस तो जेवणाच्या टेबलाखालून हललाच नाही, तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातातला भाकरीचा तुकडा घेतला, आणि त्यानंतर त्याच्यासाठी आम्हाला एकाही रात्री उठावे लागलेले नाही. मोठ्या कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि मुलांशी त्याचे कसे जमते, हे आणण्यापूर्वीच पाहता येते. तरी दहा तास त्यालाही जास्तच होतात. दुपारी कोणीतरी येऊन त्याला फिरवून आणेल अशी सोय करावी लागेल, पण ती जमण्यासारखी असते.

हा कुत्रा देताना स्वयंसेवक मुलीने घर पाहिले, घरमालकाची लेखी संमती मागितली आणि गणपतीत कोकणात गेल्यावर कुत्रा कोण सांभाळणार, असे विचारले. तेव्हा मला त्याचा रागच आला होता. भुरीच्या वेळी असे कोणी विचारले असते तर बरे झाले असते, हे नंतर उमगले. नको झालेला कुत्रा उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा असला तरी पहिल्या वेळी त्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे, तेव्हा विचारपूस करण्याचे काम देणाऱ्यालाच करावे लागते. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही; महापालिकेचा परवाना मात्र काढा.

पार्किंगमधल्या पिल्लांना सध्या आईजवळच राहू द्या. खाली कोरडे पोते टाका आणि कुत्रीला दोन वेळ पोटभर खायला घाला, कारण अंगावर पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीपेक्षा बरेच जास्त अन्न लागते. पिल्लांजवळ गेलेल्या परक्यावर ती धावून जाऊ शकते, त्यामुळे मुलीला पाण्याचे भांडे भरू द्या, पण ते तुम्हीच नेऊन ठेवा. पिल्लांचे दूध तुटले की महापालिकेला किंवा तिच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवून कुत्रीचे निर्बीजीकरण करून घ्या, म्हणजे पुढच्या कार्तिकात हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही.