शहरातल्या बागेत पक्षी-फुलपाखरं वाढावीत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की घराजवळच्या सार्वजनिक बागेत पक्षी-फुलपाखरं वाढावीत म्हणून तुमचा गट कृत्रिम घरटी आणि दाण्याची भांडी टांगणार आहे, त्याचा उपयोग होईल का? घरट्यांचा थोडाफार होईल. दाण्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे सांगतो. पण तुमच्या जागी मी असतो तर खरेदी तूर्त बाजूला ठेवून आधी माळीकाकांशी बोललो असतो. अशाच एका बागेच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि तिथे कोण जगणार हे बव्हंशी खराटा, कात्री आणि फवारणीचा पंप या तीन गोष्टी ठरवतात असं माझं पक्कं मत झालंय.

पक्षी म्हटलं की आपल्याला दाणे आठवतात. पण चिमणीसारखा दाणे टिपणारा पक्षीसुद्धा पिल्लांना आधी किडे आणि अळ्याच भरवतो. शिंजीर स्वतः फुलातला मध पितो, पिल्लांना मात्र कोळी आणि किडे आणतो. घरटं विणायलाही त्याला कोळ्याचं जाळं लागतं. उत्तर अमेरिकेत चिकडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी आहे. त्याच्या जोडीला एका विणीची पिल्लं वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. म्हणजे बागेत अळ्या नसतील तर टांगलेल्या घरट्यात पिल्लं उपाशीच राहणार.

अळ्या हव्यात तर त्यांचं खाद्य असलेली झाडं हवीत. फुलपाखरांसाठी लोक फुलझाडं लावतात, ते बरोबरच आहे, पण अर्धंच. मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांच्याच पानांवर. लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडाची कोवळी पानं नीट बघा: पक्ष्याने विष्ठा टाकलीय असं वाटणारी काळी-पांढरी अळी दिसेल. काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. रुईवर पट्ट्यापट्ट्यांची वेगळी अळी असते. अशी कुरतडलेली पानं दिसली की लोक तक्रार करतात, मग फवारणी होते आणि तुमचा सगळा कार्यक्रम तिथेच आटोपतो. म्हणून तिथे ‘या फुलपाखरांच्या अळ्या आहेत’ अशी एक छोटी पाटी लावाच.

आता पाचोळा. वाटांवरचा, बाकांजवळचा खुशाल झाडा. फक्त तो जाळू नका, पोत्यात भरून बाहेर पाठवू नका. झाडांच्या बुंध्यांकडे ढकला. कितीतरी पतंगांच्या अळ्या झाडावरून उतरून पाचोळ्यातच कोश करतात. सातभाईंचा थवा खाली उतरला की जरा थांबून बघा: चोचीने एकेक पान बाजूला भिरकावत, कचाकचा भांडत पुढे सरकतात. लख्ख झाडलेल्या जमिनीवर त्यांना काय मिळणार?

वाळलेल्या फांद्यांचंही तसंच. वाटेवर किंवा खेळाच्या जागेवर कोसळू शकेल ती फांदी काढायलाच हवी, त्यात वाद नाही. बाकीच्या राहू द्या. तांबट पक्षी वाळक्या फांदीतच घर कोरतो, बरेचदा तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. त्याने सोडलेलं बिळ पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतं. पैसे न मोजता मिळालेलं घरटं!

एवढं केलं की ‘बागेत रान माजलंय’ अशी ओरड होणारच. त्यावर एक साधी युक्ती आहे. वाढू दिलेल्या कोपऱ्याच्या कडेने हातभर रुंद पट्टा नीट कापून ठेवायचा. कड सुबक दिसली की आतलं गवत मुद्दाम राखलंय हे लोकांना कळतं.

मात्र राखणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला हॅलेट अभयारण्याचा सुमारे चार एकरांचा तुकडा १९३४ मध्ये पक्ष्यांसाठी कुंपण घालून बंद केला. काही दशकांत तिथे बाहेरून आलेल्या वनस्पतींनीच कब्जा केला, आणि २००१ पासून त्या उपटायचं काम हाती घ्यावं लागलं. तेव्हा घाणेरी, गाजरगवत वेळच्या वेळी काढत राहा.

दाण्यांबद्दल. सार्वजनिक बागेत दाणे टाकले की कबुतरं येतात, उरलेल्यावर उंदीर येतात, उंदरांसाठी कुणीतरी विष ठेवतं आणि ते विष घुबडाच्या पोटात जातं. ही औषधं उंदराला लगेच मारत नाहीत. काही दिवस तो झिंगल्यासारखा फिरतो आणि सहज पकडला जातो. सेंट्रल पार्कच्याच प्राणिसंग्रहालयातून, पिंजऱ्याची जाळी कुणीतरी कापल्यामुळे २०२३ मध्ये फ्लाको नावाचं घुबड सुटलं आणि वर्षभर शहरात शिकार करून जगलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते इमारतीवर आदळून किंवा तिच्यावरून पडून मेलं. शवविच्छेदनात उंदीर मारायच्या औषधांचे अंश आणि कबुतरांकडून लागलेला विषाणू, दोन्ही सापडलं. मी म्हणून दाण्याची भांडी टाळतो.

त्याऐवजी पाणी ठेवा. बोटाच्या दोन पेरांएवढंच खोल, तळ खरखरीत, कडा उतरती. दोन दिवसांनी भांडं घासून पाणी बदललं की डासांची भीती उरत नाही, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. बागेत तळं असेल तर त्यात गप्पी मासे सोडायची घाई करू नका, ते बेडकांची लहान पिल्लंही खातात.

दिवे हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात: पिवळसर, खाली तोंड केलेले, आणि बाग बंद झाली की विझवलेले.

हे सगळं जमलं की मग घरटी टांगा. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं, पुढे बसायची दांडी नको, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. विणीचा हंगाम संपला की साफ करता येईल असं झाकण ठेवा. आणि आतली फळी रंधा मारून गुळगुळीत केलेली घेऊ नका, पिल्लांना भोकापर्यंत चढता येत नाही.