पाच ते साडेसहा: क्लेओ पाहणाऱ्यांचे प्रश्न

आन्येस वार्दा यांचा ‘क्लेओ द सँक आ सेत’, म्हणजे ‘पाच ते सातमधली क्लेओ’, हा १९६२ चा फ्रेंच चित्रपट. पॅरिसमधली एक तरुण गायिका कर्करोगाच्या तपासणीच्या निकालाची वाट पाहते आहे, आणि तिची नव्वद मिनिटं आपण जवळजवळ घड्याळाबरोबर पाहतो. सीमाभागातून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न (खानापूर): दीड तास बसून पाहिला. बाईनं टोपी घेतली, टॅक्सीत बसली, बागेत फिरली. यात घडलं काय ते सांगा की.

उत्तर: तुम्ही सांगितलंत तेच घडतं, आणि ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच पडद्यावर जातो. एरवी ‘दोन दिवसांनी निकाल आला’ म्हणून पुढे जाता येतं. इथे ती सोय नाही. जो कंटाळा तुम्हाला आला, तो तिलाही काढायचा आहे.

सुरुवातीचे टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे, पत्ते रंगीत दिसतात, बाकी सगळं कृष्णधवल. त्यानंतर तेरा प्रकरणं, प्रत्येकावर नाव आणि वेळ. पुन्हा पाहाल तेव्हा सातव्या प्रकरणाला, म्हणजे ५.३८ ते ५.४५ ला, डोळा लावून बसा. घरी गाण्याची तालीम चालू आहे. पियानोवर संगीतकार बॉब. हे काम मिशेल लग्रां यांनीच केलंय आणि चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. गाणं रंगतं तशी मागची खोली नाहीशी होऊन नुसता काळोख उरतो, आणि खोलीत एकच पियानो असताना अख्खा वाद्यवृंद ऐकू येतो. गाणं संपल्यावर क्लेओ बिथरते, डोक्यावरचा केसांचा टोप ओढून काढते, काळे कपडे घालते आणि एकटीच बाहेर पडते.

हा चित्रपटाचा मध्य. तोवरचे आरसे मोजून पाहा: जिन्याखाली, टोपीच्या दुकानात, कॅफेत, घरात. लोक तिला पाहतात, तीही स्वतःलाच पाहते. बाहेर पडल्यावर ती इतरांकडे बघायला लागते. रस्त्यावर बेडूक गिळून दाखवणारा माणूस दिसतो. कॅफेत ती स्वतःचीच रेकॉर्ड लावते आणि कुणी मान वर करून पाहत नाही. क्लेओ झालेल्या कॉरिन मार्शां यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं, त्यासाठी हा चित्रपट दोनदा पाहावा.

प्रश्न (निपाणी): नाव पाच ते सात, आणि संपतो साडेसहाला. शिवाय हे सगळं एकाच शॉटमध्ये घेतलंय का?

उत्तर: एका शॉटमध्ये नाही. कट भरपूर आहेत. मात्र दोन कटांमध्ये वेळ गाळलेला नाही. रस्ते, टॅक्सी, शेवटची बस हा प्रवासही पॅरिसच्या नकाशावर बोट ठेवून जुळवता येतो. अपवाद सुरुवातीच्या जिन्याचा: उतरताना तिच्या चेहऱ्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो.

उरलेला अर्धा तास आपल्याला दाखवलेलाच नाही. डॉक्टर गाडीत बसल्या बसल्या दोन महिन्यांच्या किरणोपचाराचं सांगून निघून जातात, आणि क्लेओ म्हणते की आता भीती वाटत नाही. ‘बरी होते का?’ हे पुष्कळांनी विचारलंय. आजार आहे, उपचार आहे, एवढंच चित्रपट सांगतो. आमच्या मते तेवढंच सांगणं योग्य आहे, कारण पुढचं साडेसहा वाजता कुणालाच माहीत नसणार.

प्रश्न (बेळगाव): शेवटी भेटलेल्या शिपायावर तिचा एवढा विश्वास कसा बसतो?

उत्तर: आँत्वान ६.१२ ला माँसुरी बागेत भेटतो. त्याची रजा संपत आली आहे आणि त्याला अल्जीरियाच्या लढाईवर परतायचं आहे. ते युद्ध १९५४ पासून १९६२ पर्यंत चाललं. टॅक्सीतल्या रेडिओवर त्याच्या बातम्या आधीच ऐकू येतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या प्रेक्षकाला रजेवरून परतणारा जवान समजावून सांगायला नको. मरणाचा विचार या माणसाला नवा नाही, म्हणून तो तिला पोकळ धीर देत नाही. मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो, तू मला स्टेशनवर सोडायला ये, असा साधा ठराव होतो.

प्रश्न (हल्याळ): मंगळवारी नवं घालायचं नाही, आरसा फुटला की अपशकुन. हे तर आपल्याकडचंच!

उत्तर: हो, आणि मंगळवारचं बजावते ती तिची मदतनीस आँजेल. आरसा फुटल्यावर पुढे काय दिसतं तेही बघा: एका कॅफेपाशी माणूस मारला गेलेला असतो, आणि मैत्रीण म्हणते, अपशकुन त्याचा होता.

प्रश्न (संकेश्वर): वाचनालयात दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: आधी हक्कधारकाची परवानगी, घरगुती डिस्क जाहीर खेळासाठी नसते. पुणे किंवा बेंगळुरूच्या आलियांस फ्रांसेजकडे, म्हणजे फ्रेंच भाषा आणि संस्कृतीच्या केंद्राकडे, चौकशी करा.

बरोबर पाचला सुरू करा आणि मध्यंतर ठेवू नका. चहाची दहा मिनिटं मध्ये आली की पडद्यावरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांची फारकत होते. चहा साडेसहानंतर. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्यांना जाड काळं कापड लावा. उजेड शिरला की कृष्णधवल चित्र राखाडी होतं. चौकट १.६६ ला १ आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.६६ पट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, चित्र ताणून पडदा भरू नका.

सबटायटल्सचा घोळ दोन प्रकारचा असतो. सगळीकडे सारखाच फरक असेल तर व्हीएलसी या संगणकावर चित्रपट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जी’ दाबल्यावर ओळी लवकर येतात, ‘एच’ दाबल्यावर उशिरा, दर वेळी ५० मिलिसेकंद. फरक वाढत जात असेल, दहा मिनिटांत सुमारे २५ सेकंद, तर चित्रपट आणि सबटायटल्स यांपैकी एक फाइल सेकंदाला २४ फ्रेमची, म्हणजे २४ चित्रांची, आणि दुसरी २५ ची आहे. तिथे या कळांचा उपयोग नाही, जुळणारी फाइलच घ्यावी लागते. आणि चित्रपटाचीच प्रत २५ ची असेल तर नव्वद मिनिटांचा खेळ साधारण ८६ मिनिटांत आटपतो, म्हणून प्रत आधी पूर्ण चालवून वेळ मोजा. तेरा प्रकरणांची नावं आणि वेळा मराठी व कन्नडमध्ये एका कागदावर छापून दारातच वाटा. अंधार झाल्यावर वाटलेला कागद कुणी वाचत नाही.