तांदळाच्या डब्यातली बाटली

आक्का,
माझा धाकटा एकवीस वर्षांचा. दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं आहे. पहाटे साडेचारला उठून विद्यापीठाकडं पळायला जातो. मागच्या भरतीत थोडक्यात हुकला. गेल्या आठवड्यात धुणं काढताना त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशात सुईचं केशरी टोपण मिळालं. गादी उचलून बघितली तर करंगळीएवढी काचेची बाटली, आत पाण्यासारखं औषध. विचारलं तर आधी अंगावर आला, मग रडला. म्हणाला, "ग्राऊंडवर लई जण मारतात, दम लागत नाही." गांजापण दोन-तीनदा ओढलाय म्हणाला.
त्याच्या आदल्याच दिवशी मंडळाच्या बैठकीत ह्यांनी भाषण केलं होतं, की विकणारा आणि घेणारा दोघांनाही एकाच दोरीला लटकवा. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. आता म्हणतात, पोलिसांत देतो, तिथंच सरळ होईल. माझा भाऊ म्हणतो, एक केंद्र आहे, ती माणसं रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, सहा महिन्यांत माणूस करून देतात. मुलीचा साखरपुडा झालाय, लग्न वैशाखात. तोवर गप्प बसावं असं मला वाटतं. बाटली मी तांदळाच्या डब्यात लपवलीय. तो तांदूळ खाल्ला तर चालतो का? मी पार खचलोय.
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

बाई,

"खचलोय" वाचलं आणि कळलं, पत्र पेठेतलंच. आपल्याकडच्या बाया जातो, येतो, खचलो म्हणतात. बाहेरची माणसं हसतात, हसू देत.

तांदळाचं शेवटी सांगते. आधी चष्मा लावा आणि बाटलीवरचं नाव वाचा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते मेफेंटरमाइन असणार. जिममधल्या आणि भरतीच्या पोरांत त्याचाच सुळसुळाट झालाय. कोल्हापूर-सांगलीकडं ते विकणाऱ्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, फक्त ते आपल्या गादीखाली असेल असं वाटलं नसेल. पाठीत भूल दिली की कधी कधी पेशंटचं ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं. ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध देतो, तेही समोरच्या मॉनिटरवरची नजर न हलवता. ज्या पोराचं प्रेशर मुळात ठणठणीत आहे, त्यानं ते टोचून सोळाशे मीटर पळायचं म्हणजे पन्हाळ्याचा घाट उतरताना ॲक्सिलेटर दाबायचा. दम लागत नाही असं त्याला वाटतं, पण दम लागतोच. लागलाय हे फक्त त्याला कळत नाही.

म्हणून आज रात्री त्याच्याजवळ बसून तीनच गोष्टी विचारा. छातीत दुखतं का, धडधड थांबत नाही असं होतं का, कधी डोळ्यांपुढं अंधारी आली का. एकाचंही उत्तर हो आलं तर सकाळची वाट बघू नका. रिक्षा करा, सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याच्या, अपघात विभागात जा आणि डॉक्टरला सगळं खरं सांगा. "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" असं सांगून डॉक्टरला फसवलं तर त्यात पोरगंच सापडेल. तीनही उत्तरं नाही आली तरी प्रेशर आणि ईसीजी या आठवड्यात झालाच पाहिजे. सुई कुणाबरोबर वाटून घेतली का, हेही विचारा, न ओरडता. घेतली असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या कराव्या लागतील. हे वाचून पोटात गोळा येणार. येऊ दे, पण विचारा.

आता तुमच्या मालकांबद्दल.

ज्या खात्यात पोरगं लागावं म्हणून अंबाबाईला नारळ ठेवला असेल, त्याच खात्याच्या दप्तरात त्याचं नाव बापानं आपल्या हातानं लिहून द्यायचं? भरतीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते, हे त्यांनाही माहीत आहे. रागात विसरले असतील. त्यांना म्हणावं, मंडळात भाषण केलंत तो कायदा एकदा वाचून बघा. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे यात वाद नाही. गांजा नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात अडकलेला माणूस नुसत्या सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या गुन्ह्यात सापडला आणि आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तो उपचार पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. म्हणजे घेणारा आणि विकणारा एकाच दोरीला लटकवायचे नाहीत, हे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही सुचलं होतं. आपल्या चौकातच ते सुचत नाही.

आणि दोरीही होतीच की. मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला काही बाबतीत सक्तीची फाशी होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सक्ती घटनेत बसत नाही म्हणून काढली, आणि २०१४ च्या दुरुस्तीत फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशावर सोपवलं. इतकी वर्षं दोर टांगलेला होता म्हणून माल यायचा थांबला नाही. तुमच्या घरातली बाटली तर कुठल्या सीमेवरून चोरट्या ट्रकनं आलेलीही नाही. ती कारखान्यात रीतसर तयार झाली, बिलावर निघाली आणि वाटेत कुणीतरी पैशासाठी तिची वाट वळवली. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. मालकांच्या अंगात एवढा राग आहेच, तर तो तिकडं वळवू देत. पोरगं जरा सावरलं की बाटली कुठून, कुणाकडून आली ते त्याच्याकडून समजून घ्यावं आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करावी. मंडळाची चार माणसं बरोबर न्यावीत, टाळ्या दिलेलीच.

मला विचाराल तर या सगळ्या चर्चेत एक बाजू कुणी बोलतच नाही. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांना १७ लाखांवर अर्ज आले होते. एका जागेला शंभर पोरं. तुमचा लेक मौजेसाठी सुई टोचत नव्हता, बाई. शेजारचा टोचून दहा सेकंद पुढं जातोय हे रोज पहाटे बघत होता, तेही एकदा हुकल्यावर. ह्यानं त्याची चूक माफ होत नाही. पण त्याला "नशेडी" म्हणालात तर त्याला ते शिव्यांसारखं लागेल आणि खोटंही वाटेल. मग तो तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही.

भावाच्या केंद्राला मात्र माझा साफ नकार. रात्री गाडी आणून उचलून नेणं, दोरीनं बांधणं, सहा महिने घरच्यांची भेट नाही, ह्याला उपचार म्हणत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनालाही लागू आहे. साखळीनं बांधायला त्यात सरळ मनाई आहे. माणसाची स्वतःची तयारी नसताना दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला तपासावं लागतं, आणि तेही सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. भावाला तीनच प्रश्न विचारायला सांगा: तिथं मानसोपचारतज्ज्ञ कोण, नोंदणीचा कागद कुठं आहे, आणि आईला कधी भेटू देणार. समोरचा चाचरला की फोन ठेवायचा. चांगली केंद्रं नाहीत असं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे, आणि तिथं घरच्यांनाही शिकवतात. पण तुमच्या पोराला दाखल करावं लागेलच असं मला पत्रावरून वाटत नाही. ते डॉक्टर ठरवतील.

कोंडून ठेवण्याबद्दल मी एवढी का चिडते, तेही सांगते. आमचा धाकटा दीर प्यायचा. गौरी-गणपतीला पाहुणे येणार, अब्रूचा प्रश्न, म्हणून सासऱ्यांनी त्याला माडीवरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मीच जेवणाचं ताट खिडकीतून आत सरकवायची. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला. मुंग्या नव्हत्याच. आम्हाला वाटलं नाटकं करतोय. संध्याकाळी फिट आली, दात जिभेत रुतले, उशी लाल झाली. खाली आरती चालली होती आणि टाळांच्या आवाजात आम्हाला ऐकूच आलं नाही. पुढं डॉक्टरनं सांगितलं, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर माणूस मरू शकतो, ती औषधाच्या आधारानं उतरवायची असते. आम्ही शहाणी माणसं. दहावी-बारावी झालेली.

तुमच्या लेकाचं तसं नाही. हे इंजेक्शन बंद केलं की सहसा फिट येत नाही, पण आठवडाभर तो मेल्यासारखा झोपेल, चिडचिड करेल, पळायला गेला तर पाय उचलणार नाहीत. मनानं खूप खाली जाईल, आणि तीच वेळ जपायची. "जगून काय करू" असलं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका. उलट संशयानं बोलायला लागला, कुणीतरी मागावर आहे, कानात कुणी बोलतं असं म्हणाला, तर ते ह्याच औषधानं होऊ शकतं. लगेच डॉक्टरकडं न्या, देवऋषाकडं नाही. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानसची माणसं मराठीत बोलतात, आणि व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

वैशाखापर्यंत गप्प बसण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. तीन महिने रोज पहाटे साडेचारला दार वाजलं की तुम्ही उशीत तोंड खुपसून पडणार, आणि तो नव्या बाटलीला नवी जागा शोधणार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत दिसलं होतं, की बेकायदा अमली पदार्थांच्या पुरतं आहारी गेलेल्या २० जणांत कसाबसा एक उपचारापर्यंत पोचतो, आणि दारूत तर ३८ जणांत एक. उरलेल्या बऱ्याच जणांच्या घरी कुणाचं ना कुणाचं लग्न असतं. व्याह्यांच्या दारात जाऊन सांगा असं मी म्हणत नाही, पण लेकीला सांगा. ती त्या घरात झोपते, तिला डोळे आहेत. मला तर वाटतं तिला अर्धं कळलेलंच असेल, आणि "आईला सांगू नको" म्हणून तीही गप्प असेल.

लेकाशी बोलायचं ते घरात नको, बाप समोर असताना तर मुळीच नको. संध्याकाळी त्याला गंगावेशीला दूध प्यायला घेऊन जा. म्हशीचं समोर पिळलेलं, फेसाचा ग्लास. उभं राहून पिताना माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाही, त्यामुळं बोलणं सोपं जातं. त्याला म्हणा, "तू नाही लागलास तरी चालेल मला. पण पळताना पडलास तर मी काय करू?" आणि मग थांबा. तो बोलेपर्यंत बोलू नका. हे तुम्हाला जमणार नाही असं पत्रावरून वाटतंय, तरी बघा. ह्याच औषधाला खेळात उत्तेजक म्हणून बंदी आहे, खासबागच्या मातीतल्या पैलवानाला ते चाचणीत घरी बसवतं, हेही त्याला सांगता येईल. पण पहिल्या ग्लासात नको.

एक शेवटचं, ते मालकांना वाचून दाखवायचं का ते तुम्ही ठरवा. पत्रात तुम्ही कुठं लिहिलं नाहीत, पण कागदाला सुपारी-चुन्याचा वास आहे आणि कोपऱ्यात तपकिरी बोट उमटलंय. मावा चोळताना कुणीतरी हे पत्र हातात घेतलेलं आहे. म्हणजे त्यांनी वाचलं, फाडलं नाही, आणि टपालात पडू दिलं. मला ह्यात आशा दिसते. सीपीआरला जाताना त्यांनाच बरोबर न्या. केस पेपरच्या रांगेत बापानं उभं राहावं आणि पोरानं बाकड्यावर बसावं, उलटं नाही. मानसोपचार विभागात विचारतील घरात आणखी कुणाला व्यसन आहे का, तेव्हा मावा खिशात आहे हे मालकांनी स्वतः सांगावं. पोराच्या समोर.

बाटली डॉक्टरला दाखवायला पिशवीत घाला, नाव वाचता आलं पाहिजे. सुया मिळाल्या तर कचऱ्यात मोकळ्या टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जातील. जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून टोपण घट्ट लावा आणि दवाखान्यातच द्या. बाटलीचं रबरी बूच शाबूत असेल आणि काच तडकलेली नसेल तर तांदळाला काही झालेलं नाही. स्वच्छ दोनदा धुवा आणि शिजवा.

– आक्का